चार मुलींचा बाप आणि तोराची गुंडाळी: रब्बी मोर्डेकाय कॅप्लान यांची गोष्ट

शनिवार, १८ मार्च १९२२. न्यूयॉर्कच्या वेस्ट ८६ व्या रस्त्यावरच्या एका इमारतीत सकाळची ज्यू प्रार्थना सुरू होती. रिवाजाप्रमाणे पुरुष पुढे, बायका मागे. पण साडेबारा वर्षांची एक मुलगी आईला आणि तीन धाकट्या बहिणींना मागे ठेवून थेट पुरुषांच्या भागात जाऊन बसली होती.

तिचं नाव ज्युडिथ. तिथले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, तिचेच वडील होते. मोर्डेकाय कॅप्लान. त्या सकाळी तिने जे केलं, ते आज जगभरच्या असंख्य ज्यू मुली करतात आणि त्यात कुणाला विशेष वाटत नाही. तेव्हा मात्र तिच्या दोन्ही आज्या हवालदिल झाल्या होत्या.

का, ते कळायला आधी ‘बार मित्झवा’ म्हणजे काय ते बघावं लागेल.

आपल्याकडे या विधीची तुलना लगेच मुंजीशी होते. वरवर ती चालते, पण एक मोठा फरक आहे. मुंज केल्याशिवाय होत नाही. बार मित्झवा मात्र आपोआप होतो. ज्यू मुलगा १३ वर्षांचा झाला की धर्माचे नियम पाळणं ही त्याची स्वतःची जबाबदारी होते, समारंभ करा किंवा करू नका. मुलीच्या बाबतीत हे वय १२ आहे. म्हणजे जबाबदारी दोघांवरही येते, मुलीवर तर वर्षभर आधी.

मग समारंभ कशाचा? तर मुलगा आता मोठ्यांमध्ये मोजला जातो, हे सगळ्यांसमोर दिसण्याचा. सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान १० प्रौढ पुरुष लागतात, त्यात आता तो धरला जातो. शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये तोराचं, म्हणजे मोझेसच्या पाच ग्रंथांचं वाचन होतं. त्यासाठी एकामागून एक ७ जणांना व्यासपीठावर बोलावतात, वर एकाला शेवटच्या तुकड्यासाठी. नव्याने मोठा झालेला मुलगा पहिल्यांदा तिथे जातो आणि ठरलेले आशीर्वाद म्हणतो. पुष्कळदा तोराचा भाग आणि त्यानंतरचा ‘हाफतारा’, म्हणजे प्रेषितांच्या ग्रंथातला उतारा, तोच वाचतो.

हे वाचन सोपं नसतं. तोराची गुंडाळी चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असते. अक्षरांना स्वरचिन्हं नसतात, विरामचिन्हं नसतात, आणि चाल तर कुठेच लिहिलेली नसते. शब्द कसा उच्चारायचा आणि कुठल्या सुरात म्हणायचा, हे सगळं पाठ करून यावं लागतं. मुलं महिनोन्‌महिने तयारी करतात.

मुलीसाठी यातलं काहीच नव्हतं. तालमूद या प्राचीन ग्रंथात एक गमतीशीर नोंद आहे. त्या ७ जणांमध्ये तत्त्वतः स्त्रीही चालेल, असं तो आधी सांगतो आणि लगेच पुढे म्हणतो की मंडळीच्या मानासाठी तिला बोलावू नये. पुढची अनेक शतकं हा ‘मंडळीचा मान’ आडवा आला. मुलगी १२ वर्षांची झाली की काही ठिकाणी घरी गोडधोड होई. बगदादचे रब्बी योसेफ हाईम यांनी १९ व्या शतकात तिला त्या दिवशी नवा पोशाख घालावा असं सुचवलं होतं. पण सिनेगॉगच्या व्यासपीठाशी तिचा संबंध नसे.

आता कॅप्लान यांच्याकडे वळू.

त्यांचा जन्म ११ जून १८८१ चा, आजच्या लिथुआनियातल्या श्वेंच्योनिस गावचा. तेव्हा तो रशियन साम्राज्याचा भाग होता. वडील कडक परंपरेतले रब्बी. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ते न्यूयॉर्कला गेले आणि काही काळ पॅरिसला थांबून कुटुंब मागोमाग आलं. मुलाने घरी तालमूद शिकला आणि कॉलेजात तत्त्वज्ञान, समाजशास्त्र. हे दोन्ही एका डोक्यात सुखाने नांदणं कठीणच होतं.

१९०२ मध्ये ते ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीतून रब्बी झाले आणि न्यूयॉर्कच्या एका श्रीमंत, सनातनी सिनेगॉगमध्ये रुजू झाले. तिथल्या जुन्या मंडळींना ही अमेरिकन पदवी पुरेशी वाटेना. म्हणून १९०८ मध्ये लग्नानंतर पत्नी लीनासोबत ते युरोपात फिरायला गेले, तेव्हा तिथल्या रब्बी रेनेस यांच्याकडून त्यांनी पारंपरिक मान्यताही मिळवली. मधुचंद्रात परीक्षा देणारा हा बहुधा विरळाच नवरदेव.

पण गोची वेगळीच होती. तोरा देवाने सिनाई पर्वतावर शब्दशः सांगितली यावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता, आणि दर शनिवारी उभं राहून तेच सांगायचं होतं. ही तगमग त्यांच्या रोजनिशीत उतरली आहे. १९१३ पासून पुढची सहा दशकं ते लिहीत राहिले आणि तिचे २७ खंड झाले. १९०९ मध्ये सेमिनरीने त्यांना शिक्षक तयार करणाऱ्या संस्थेचं प्रमुखपद दिलं आणि सुटका झाली. तिथे ते १९६३ पर्यंत शिकवत राहिले.

त्यांचा विचार थोडक्यात असा: ज्यू असणं हा फक्त धर्म नाही, ती एक सबंध संस्कृती आहे. भाषा, संगीत, सण, स्वयंपाक, कायदा, आठवणी, सगळं त्यात आलं. आणि संस्कृती जिवंत असेल तर तिने बदलायलाच हवं. म्हणून सिनेगॉग फक्त प्रार्थनेपुरता असू नये. याच विचारातून मॅनहॅटनमध्ये ‘ज्यूइश सेंटर’ उभं राहिलं. त्यात व्यायामशाळा होती, पोहण्याचा तलावही होता. पण कॅप्लान यांची मतं आणि कामगारांच्या बाजूने दिलेली प्रवचनं तिथल्या पैसेवाल्या विश्वस्तांना पचेनात. जानेवारी १९२२ मध्ये आपल्या पाठीराख्यांसह ते बाहेर पडले आणि त्याच रस्त्यावर त्यांनी ‘सोसायटी फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ ज्युडाइझम’ स्थापन केली.

दोनच महिन्यांनी ज्युडिथचा शनिवार आला.

अमेरिकेत बायकांना देशभर मताचा अधिकार मिळून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. कॅप्लान त्याचे समर्थक होते. मुलींसाठी ‘बात मित्झवा’ का सुरू केला, असं विचारल्यावर ते गमतीने चार कारणं सांगत: त्यांच्या चार मुली. ज्युडिथ, हदासा, नेओमी आणि सेल्मा.

घरात मात्र वातावरण तंग होतं. दोन्ही आज्यांना हे अजिबात मान्य नव्हतं. प्रत्येकीचा आग्रह असा की दुसरीने बोलावं. आईच्या आईचं म्हणणं, तुमचा मुलगा आहे, तुम्ही समजवा. वडिलांच्या आईचं म्हणणं, तुमचा जावई आहे, तुमचं ऐकेल. त्याने कुणाचंच ऐकलं नाही. तरी गंमत म्हणजे समारंभात नेमकं काय करायचं, हे आदल्या रात्रीपर्यंत पक्कं नव्हतं. शुक्रवारी जेवणानंतर वडिलांनी ज्युडिथला अभ्यासिकेत नेलं आणि आशीर्वाद व उतारा मोठ्याने वाचून घेतला. मुलाला मिळाले असते ते तयारीचे महिने तिच्या वाट्याला आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी तोरावाचन नेहमीसारखं झालं. शेवटचा तुकडा आणि हाफतारा खुद्द कॅप्लान यांनी वाचला. गुंडाळी बंद करून तिच्यावर वस्त्र चढवलं गेलं आणि मग ज्युडिथला खूण झाली. ती व्यासपीठावर चढली नाही. खाली, गुंडाळीपासून अंतर राखून उभी राहिली. हातात तिचं स्वतःचं छापील पुस्तक होतं. तिने आशीर्वाद म्हटले, हिब्रूत आणि इंग्रजीत उतारा वाचला, पुन्हा आशीर्वाद म्हटले आणि जागेवर परतली. आभाळ कोसळलं नाही. प्रार्थना पुढे चालू झाली.

नीट पाहिलं तर हे निम्मंच पाऊल होतं. मुलगा गुंडाळीतून वाचतो, तिने पुस्तकातून वाचलं. मुलगा वाचनाच्या क्रमात येतो, ती क्रम संपल्यावर आली. विचारात इतका बंडखोर माणूस कृतीत एवढा सांभाळून का वागला, असं वाटू शकतं. पण कॅप्लान आयुष्यभर असेच होते. देवाची पारंपरिक कल्पना नाकारणारे कॅप्लान स्वयंपाकघराचे नियम आणि शब्बाथ मात्र पाळत. मला यात भित्रेपणा दिसत नाही. मंडळी सोबत राहिली नाहीत तर संस्कृती कसली, हा त्यांचाच सिद्धांत होता.

शिवाय निम्म्या पावलाचा एक गुण असतो: उरलेल्या निम्म्याची विचारणा सुरू होते. मुलगी पुस्तकातून वाचू शकते तर गुंडाळीतून का नाही? एकदा वाचू शकते तर मोठी झाल्यावर का नाही? कॅप्लान यांच्या स्वतःच्या सोसायटीतही बायकांना तोरावाचनासाठी नियमित बोलावणं सुरू व्हायला बराच काळ गेला. इतर सिनेगॉगनी सोयीची पळवाट काढली. मुलींचा समारंभ शुक्रवारी संध्याकाळी ठेवायचा. त्या वेळी तोरावाचन नसतंच, त्यामुळे प्रश्नही येत नाही! १९५५ मध्ये अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीने बायकांना तोरावाचनासाठी बोलावण्याची वाट उघडी केली, तरी सगळीकडे ते लगेच झालं नाही. सनातनी सिनेगॉगमध्ये आजही सहसा मुलीला सर्वांसमोर तोरावाचनासाठी बोलावत नाहीत. कुठे ती प्रवचन देते, कुठे फक्त बायकांच्या प्रार्थनेत वाचते.

आपल्याकडचा एक संदर्भ इथे आठवतो. मुंबईतल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजियस युनियनच्या स्थापनेत पुढाकार घेतला. तो उदारमतवादी प्रवाह लंडनहून आलेला, कॅप्लान यांच्याशी त्याचा संबंध नाही. पण काळ तोच आणि प्रश्नही बराचसा तोच.

कॅप्लान यांची खरी कसोटी पुढे लागली. १९३४ मध्ये त्यांचं ‘ज्युडाइझम अ‍ॅज अ सिव्हिलायझेशन’ हे मुख्य पुस्तक आलं. १९४५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत नवं प्रार्थनापुस्तक काढलं. ज्यू ही देवाने निवडलेली प्रजा आहे, मसीहा येईल, मेलेले उठतील, असे सगळे उल्लेख त्यातून गाळले होते. जे आपण मानत नाही ते प्रार्थनेत म्हणायचं कशाला, हा साधा मुद्दा. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मॅकअल्पिन हॉटेलात सनातनी रब्बींच्या संघटनेने त्यांना विधिपूर्वक बहिष्कृत केलं आणि त्या पुस्तकाची प्रत तिथे जाळली गेली. युरोपातलं युद्ध संपून जेमतेम महिना झाला होता. नाझींनी ज्यूंची पुस्तकं जाळली त्याला फार वर्षं लोटली नव्हती. सेमिनरीतल्या तीन नामवंत सहकाऱ्यांनीही त्यांच्यावर जाहीर टीका केली. नोकरी मात्र गेली नाही. कॅप्लान दुसऱ्या दिवशीही त्याच सहकाऱ्यांमध्ये शिकवायला होते.

त्यांच्या विचारांचा वेगळा पंथ व्हावा, अशी त्यांची इच्छा नव्हती. तरी तो झालाच. १९६८ मध्ये फिलाडेल्फियात ‘रिकन्स्ट्रक्शनिस्ट’ रब्बींसाठी कॉलेज सुरू झालं. त्याचे पहिले अध्यक्ष आयरा आयझेन्स्टाइन, म्हणजे ज्युडिथचे यजमान. १९७४ मध्ये तिथून सँडी सॅसो ही पहिली स्त्री रब्बी बाहेर पडली.

ज्युडिथ संगीताची अभ्यासक झाली. ज्यू संगीत शिकवलं, त्यावर लिहिलं. १९९२ मध्ये, ८२ व्या वर्षी, तिने दुसऱ्यांदा बात मित्झवा केला. ती १९९६ मध्ये गेली.

कॅप्लान यांना दीर्घायुष्य लाभलं. ज्या सेमिनरीत त्यांनी अर्ध्या शतकाहून जास्त काळ शिकवलं, तिथल्या प्राध्यापकांनी २४ ऑक्टोबर १९८३ रोजी मतदान करून बायकांना रब्बीच्या अभ्यासक्रमात प्रवेश द्यायचं ठरवलं. त्यानंतर १५ दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, वयाच्या १०२ व्या वर्षी कॅप्लान वारले. त्या अभ्यासक्रमातून एमी आयलबर्ग ही पहिली स्त्री १९८५ मध्ये रब्बी झाली.