डॉ. मारिया माँटेसरी

बालशिक्षणाच्या इतिहासात डॉ. मारिया माँटेसरी यांचे नाव आपण आदराने घेतो. त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाले या गावी झाला. १८९६ मध्ये रोम येथे त्या डॉक्टर झाल्या. मतिमंद म्हणून दूर लोटलेल्या मुलांची सेवा करताना, त्यांना औषधापेक्षा योग्य शिक्षणाची गरज अधिक आहे, हे त्यांनी ओळखले.

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. आईबाप कामास गेले की तेथील मुले वाऱ्यावर असत. बाईंनी खरखरीत कागदाची अक्षरे कापून गुळगुळीत पुठ्ठ्यांवर चिकटविली. मुले त्यांवरून बोट फिरवीत व उच्चार करीत. अशा रीतीने लेखणी धरण्यापूर्वीच अक्षराचे वळण बोटांत उतरे. हिवाळ्यातील एके दिवशी गच्चीवर एका मुलास त्यांनी खडूने धुराडे काढावयास सांगितले. चित्र होताच तो हर्षाने आपण होऊन लिहू लागला. त्याचा पहिला शब्द होता, हात!

भावनगरात गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी ही पद्धती रुजविली. १९३९ मध्ये बाई स्वतः मद्रासेस आल्या व त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांचे देहावसान झाले.

आपली जुनी धूळपाटीही बोटासच अक्षर शिकवीत असे. म्हणून धाकट्या भावंडाचे अक्षर चुकले तर आपण धपाटा घालू नये. त्याचे बोट प्रेमाने वळणावरून फिरवावे.