विश्लेषण : वारली चौक भिंतीवरून कागदावर आणणारे भास्कर कुलकर्णी कोण होते?

डहाणू-तलासरीतल्या वारली घरात लग्न ठरले की सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हो, लिहितात, काढतात असे म्हणायची तिथे पद्धत नाही. मधोमध पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लावते. हा चौक विधीपुरता असायचा. तो कागदावर यावा यासाठी धडपडलेले चित्रकार म्हणजे भास्कर कुलकर्णी.

बिहारमार्गे डहाणूत

कुलकर्णी मुंबईच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरशी जोडलेले होते. 1966-67 च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांना बिहारमधल्या मधुबनीला पाठवले. भिंतींवर कोहबर रंगवणाऱ्या बायकांना कागद द्यायचा, चित्रे विकत घ्यायची आणि घरात चार पैसे यावेत, एवढाच हेतू होता. जितवारपूरच्या सीतादेवी त्यातूनच देशभर पोचल्या.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर आले. इथेही हातात कागद आणि रंग होतेच. फ्रोबिशरच्या 1577 च्या मोहिमेत इंग्लंडला नेलेल्या इन्युइटांची चित्रे जॉन व्हाइटने काढली होती. पोशाख बारकाईने टिपले, पण हात व्हाइटचाच होता. कुलकर्णींनी ब्रश समोरच्याच्या हाती दिला. फरक मोठा आहे.

मग अडचण कुठे?

चौक बायकांचा, पण कागदावर नाव झाले पुरुषाचे. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे विधीची वाट न पाहता रोज चित्रे काढत. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले, पुढे 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. कागदावर देवीच्या जागी शेत, मासेमारी, तारपा नाच आला. विधी मागे राहिला. पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या सवाशिणींची नावे मात्र कॅटलॉगमध्ये शोधावी लागतात.

कुलकर्णींनी वारली चित्रकलेचा शोध लावला, असे अजून सर्रास छापले जाते. ते चूक आहे. कला आधीपासून होती. त्यांनी तिला बाजाराचा रस्ता दाखवला, आणि तो रस्ता कुठे जाईल हे त्यांच्या हातात नव्हते. त्यांना जाऊन चार दशके झाली. आज साड्यांवर, कपांवर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर वारली आकृत्या दिसतात. त्यांत पालघट देवी मात्र फारशी दिसत नाही.