डिझेलची थंडी

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. चहाचा कप हातात होता, तेवढ्यात कॅनडातल्या विनिपेगहून पुतण्याचा फोन आला. तिकडे पहाटेचे सहा. बाहेर उणे ३१ अंश, आणि त्याची डिझेल व्हॅन काही केल्या सुरू होईना. घरोघर सामान पोहोचवण्याचा त्याचा धंदा त्या एका व्हॅनवर चालतो. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली, वर गिऱ्हाईकही तुटतं. इंजिन गरम ठेवणारा हीटर बसवायचं त्यानं ठरवलं होतं; पण कुठला, ते काका सांगणार! माझी उभी हयात डिझेल इंजिनं खोलण्यात गेली हे खरं. पण ती सांगलीत. तिथं उणे अंश कुणी पाहिले आहेत?

मी त्याच्याकडून दोन दिवस मागून घेतले आणि वाचायला बसलो. हीटरबद्दल वाचता वाचता इंजिनाच्या जन्मदात्यापर्यंत पोचलो आणि थोडा ओशाळलोच. ज्याच्या नावावर चाळीस वर्षं पोट भरलं, त्या माणसाची मी कधी साधी चौकशीही केली नव्हती. पंपावर रोज लाखो लोक ज्याचं नाव घेतात, तो रुडॉल्फ डिझेल हाडामांसाचा माणूस होता आणि फार सुखाचं आयुष्य त्याच्या वाट्याला आलं नाही.

त्याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील बव्हेरियातले जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे, कमाई बेताची. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि जर्मनांना पॅरिस सोडावं लागलं. कुटुंब लंडनला गेलं. तिथंही हातातोंडाची गाठ पडेना, तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाईकांकडे धाडण्यात आलं. ते गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. पोराला शिक्षणाची गोडी तिथं लागली आणि पुढे त्यानं म्युनिकच्या तंत्रशाळेत प्रवेश मिळवला. ऐन परीक्षेच्या वेळी टायफॉइड झाला; पण १८८० च्या जानेवारीत ती परीक्षा त्यानं उत्तम गुणांनी पार केली.

म्युनिकमध्ये त्याला गुरू भेटले ते कार्ल फॉन लिंडे, थंडी तयार करणाऱ्या यंत्रांचे जनक. म्हणजे बघा, ज्याचं इंजिन थंडीत कुरकुरतं त्या माणसानं पहिली दहा वर्षं नोकरी केली ती बर्फाच्या धंद्यात! लिंडे यांच्या यंत्रांचं पॅरिसमधलं काम तो पाहत असे. बाटलीत स्वच्छ, पारदर्शक बर्फ करण्याचं पेटंटही त्यानं १८८१ मध्ये घेतलं. डोक्यात मात्र उष्णता होती. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेचा मोठा भाग वाया घालवतं, हे त्यानं लिंडे यांच्या वर्गात ऐकलं होतं आणि ते त्याच्या मनातून गेलं नाही. अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवून पाहिलं, तर स्फोट झाला आणि त्याला कित्येक महिने रुग्णालयात काढावे लागले.

मग त्यानं वेगळी वाट धरली. सायकलचा पंप जोरजोरात मारला की त्याचं टोक तापतं, हे आपल्याकडच्या कोणत्याही पोराला विचारा. हवा दाबली की ती तापते. डिझेलनं विचार केला, की ती इतकी दाबावी की आत इंधन सोडताच ते आपोआप पेटेल. काडी नको, ठिणगी नको. १८९२ साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी ते मिळालं. ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्यानं जागा व कारागीर दिले, क्रुपनं पैशाला हातभार लावला. १० ऑगस्ट १८९३ च्या पहिल्याच चाचणीत दाब मोजणारं उपकरण फुटून उडालं, थोडक्यात निभावलं. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी यंत्र स्वतःच्या बळावर जेमतेम मिनिटभर चाललं. आणि १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक श्रोटर यांनी मोजमाप केलं, तेव्हा इंधनातली २६.२ टक्के उष्णता कामी येत असल्याचं दिसलं. चांगल्या वाफेच्या इंजिनाची मजल तेव्हा दहा-बारा टक्क्यांच्या आसपास होती.

आता पुतण्याच्या व्हॅनकडे येतो, कारण तिचं दुखणं याच कल्पनेच्या पोटात आहे. पेटवायला ठिणगी नाही, सगळी भिस्त दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. डिझेलचं ते इंजिन माणसाहून उंच, कारखान्याच्या छपराखाली उभं. व्हॅनचे सिलिंडर छोटे. छोट्या भांड्यातला चहा जसा लवकर निवतो, तशी त्यांतल्या हवेची उष्णता गार धातू चटकन ओढून घेतो. त्यात गारठ्यानं बॅटरी अर्धमेली होते, ऑईल काकवीसारखं घट्ट होतं, सेल्फ मारला तरी इंजिन जोरात फिरत नाही. वेग नाही म्हणून उष्णता नाही, उष्णता नाही म्हणून आग नाही. स्वतः डिझेलला ही अडचण रस्त्यावर पाहायला मिळालीच नाही. डिझेलचे ट्रक जर्मनीत आले ते १९२४ च्या सुमारास, म्हणजे त्याच्या पश्चात दहा-अकरा वर्षांनी. सिलिंडर आतून तापवणारे ग्लो प्लगही नंतरचेच.

आमच्याकडे विहिरीवरच्या इंजिनाचा डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून आधी हँडलनं वेग घ्यायचा आणि मग खटका सोडायचा, ही युक्ती शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. किर्लोस्करांनी १९४६ साली खडकीला डिझेल इंजिनांची कंपनी काढली, तेव्हापासून आपल्या कित्येक मळ्यांना त्या टकटकीची सवय आहे. विनिपेगला मात्र ही युक्ती पुरत नाही. तिथं इंजिनच आधी गरम करावं लागतं.

पुतण्याला गॅरेजवाल्यानं सुचवला होता तो ब्लॉक हीटर. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये कूलंटच्या वाटेत बसणारा विजेचा कॉईल. स्वस्त, बिघडायला फारसं काही नाही. रात्रभर नको, टायमर लावून निघण्याआधी तीन-चार तास चालवला तरी पुरे. मीही तोच सांगितला असता. पण सहज विचारलं, की रात्री गाडी कुठं लावतोस? तर भाड्याच्या घरामागं, उघड्यावर, जिथं प्लगच नाही. मग वीज आणायची कुठून? ऑईलच्या चेंबरला खालून चिकटवायचा पॅड घ्या, की बॅटरीला गुंडाळायचं गरम पांघरूण घ्या, घोडं तिथंच अडतं. त्याच्यासाठी उपाय एकच होता. गाडीच्याच टाकीतलं थोडं डिझेल जाळून कूलंट तापवणारा आणि तो इंजिनात फिरवणारा हीटर. किमतीला जबर. त्याचा पंप बॅटरीवर चालतो, म्हणून बॅटरी ठणठणीत हवी. आणि त्याचा धूर गाडीबाहेर मोकळ्यावर सोडला पाहिजे, बंद गॅरेजात तो हीटर लावणं जिवावर बेतेल. मी त्याला आधी बॅटरी व ग्लो प्लग तपासून घ्यायला सांगितलं, टाकीत हिवाळी डिझेल आहे ना याची खात्री करायला सांगितलं. आणि मग सांगितलं, की कर्ज काढावं लागलं तरी हा दुसराच घे.

कर्जाचा सल्ला देऊन मी परत पुस्तकाकडे वळलो आणि पुढची पानं वाचून जरा चरकलो. कारण डिझेलला बुडवलं ते पैशानंच. परवान्यांतून तो लक्षाधीश झाला. अमेरिकेतल्या ॲडॉल्फस बुशनं एकट्यानं दहा लाख मार्क मोजले. पण १८९८ मध्येच अतिश्रमानं तो कोसळला आणि काही काळ त्याला उपचारगृहात राहावं लागलं. पेटंटवरून भांडणं, म्युनिकमध्ये मोठा बंगला, जमिनीत आणि तेलखाणींत गुंतवलेले पैसे बुडालेले. त्याच्या मनात मात्र काही वेगळंच होतं. कामगारांनी एकत्र येऊन कारखाने चालवावेत, असं सांगणारं पुस्तक त्यानं १९०३ साली लिहिलं. दहा हजार प्रती छापल्या, खपल्या काहीशेच. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं होतं, याचंही त्याला अप्रूप होतं.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी अँटवर्पहून तो ड्रेस्डेन नावाच्या बोटीनं इंग्लंडला निघाला. नव्या कारखान्याचं काम होतं. जेवला, दहाच्या सुमारास खोलीत गेला, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगितलं. सकाळी खोली रिकामी. अंथरूण मोडलेलं नव्हतं, घड्याळ पलंगावरून दिसेल असं ठेवलेलं, डेकवर टोपी नि कोट. दहा-बारा दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना समुद्रात प्रेत दिसलं. त्यांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा पाण्यात सोडलं. चष्म्याचं घर, चाकू, गोळ्यांची डबी. त्या वस्तू त्याच्या मुलानं, ऑयगेननं, ओळखल्या.

कुणी हेरांनी मारलं म्हणतात, कुणी तेलवाल्यांनी. मला ते पटत नाही. निघण्यापूर्वी त्यानं बायकोपाशी, मार्थापाशी, एक बॅग दिली होती आणि आठवडाभर ती उघडू नकोस असं बजावलं होतं. उघडली तेव्हा आत वीस हजार मार्क रोख निघाले, आणि खाती रिकामी झाल्याचे कागद. त्याच्या रोजनिशीत २९ सप्टेंबरच्या तारखेला एक फुली होती.

हे वाचल्यावर मी पुतण्याला पुन्हा फोन केला आणि कर्ज किती, हप्ता किती, एखादा महिना धंदा बसला तर काय, हे सगळं विचारून घेतलं. त्यानं अर्धे पैसे साठवले होते. उरलेले मी पाठवले, परत करायची घाई नाही असं सांगून. जानेवारीत एका संध्याकाळी त्याचा फोन आला. तो काहीच बोलला नाही, नुसता फोन बोनेटजवळ धरला. सेल्फच्या दुसऱ्या की तिसऱ्या फेरीला इंजिन लागलं. थोडं खडखडलं, मग एकसारखं चालू लागलं. एका नोझलचा आवाज मला जरा वेगळा वाटला, ते मात्र मी त्याला लगेच सांगितलं.