तंजावरचा राजा आणि आमचा बँड

आमच्या शाळेच्या बँडचा सराव संध्याकाळी साडेचार वाजता असतो. पण हे वेळापत्रकात कुठेही लिहिलेले नाही. त्यामुळे आंतर-हाउस फुटबॉल सुरू झाले की सराव बंद, क्रॉस कंट्री जवळ आली की सराव बंद आणि पावसात मैदान बुडाले की मात्र सराव सुरू! मी क्लॅरिनेट वाजवतो आणि माझ्या हाउसच्या फुटबॉल संघात लेफ्ट बॅकही खेळतो. म्हणून खेळांविरुद्ध मी काही लिहीन असे कोणी समजू नये. पण पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी पंधरा दिवस सर्वांना बँडची आठवण होते आणि संचलन संपले की वाद्ये पुन्हा स्टोअरमध्ये जातात, हे मला खटकते. पूर्वी आम्हाला बँडची मनापासून आवड असलेले एक सर होते. ते होते तोपर्यंत सराव कधी चुकला नाही. त्यांची बदली झाली आणि सरावाची वेळही त्यांच्याबरोबर गेली.

हे सगळे डोक्यात असतानाच दिवाळीच्या सुट्टीत मी तंजावरला गेलो. माझे काका हवाई दलात आहेत आणि सध्या तिथल्या तळावर त्यांची नेमणूक आहे. तमिळनाडूत इतक्या दूर जाऊन मराठी वाचायला मिळेल असे मला वाटले नव्हते. राजराज चोळाने बांधलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात फिरताना काकांनी मला भिंतीजवळ नेले. दगडावर देवनागरी अक्षरे होती आणि भाषा मराठी! भोसले घराण्याचा इतिहास तिथे १८०३ साली कोरून घेतलेला आहे. तो कोरून घेणारे राजे म्हणजे सरफोजी राजे भोसले, दुसरे. त्या दिवसापासून मी त्यांच्याविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. त्यांचे चरित्र मी इथे थोडक्यात सांगतो आहे. त्यात आमच्या बँडच्या कामाचे बरेच काही आहे.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि तिथे मराठ्यांचे राज्य सुरू झाले. या घराण्यात संगीताची आवड पहिल्यापासून होती. शहाजी राजे दुसरे यांनी संगीत नाटके लिहिली, तर तुळजा राजे पहिले यांच्या नावावर संगीत सारामृत हा संगीतशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ आहे. सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतला हा मुलगा तुळजा राजे दुसरे यांनी १७८७ साली दत्तक घेतला. त्याच वर्षी तुळजा राजे वारले आणि गादी त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांच्याकडे गेली.

दहा वर्षांच्या सरफोजींचे दिवस तिथून फार वाईट गेले. त्यांना जवळजवळ कोंडून ठेवले होते आणि शिक्षण मिळू नये अशीच तजवीज होती. तुळजा राजांनी मरण्यापूर्वी मुलाकडे लक्ष ठेवण्याची विनंती श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याला केली होती. या श्वार्ट्झसाहेबांनी कंपनी सरकारकडे सतत पाठपुरावा केला. शेवटी १७९३ साली सरफोजींना मद्रासला हलवले गेले आणि त्यांचे शिक्षण नीट सुरू झाले. तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते, म्हणजे माझ्याच वयाचे. घरापासून दूर राहून शिकणे काय असते ते आम्हा हॉस्टेलच्या मुलांना कळते. पण आमच्यावर कोणी गादीसाठी डोळा ठेवून नसतो. दत्तकाचा वाद पुन्हा तपासला गेला, निकाल सरफोजींच्या बाजूने लागला आणि २९ जून १७९८ रोजी ते गादीवर बसले. श्वार्ट्झ त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. तंजावरच्या चर्चमध्ये त्यांचे संगमरवरी स्मारक आहे. त्यात मरणशय्येवरच्या गुरूचा हात हातात घेतलेले तरुण राजे दिसतात. ते सरफोजींनीच इंग्लंडमधल्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून घेतले.

पण गादी मिळाली आणि राज्य गेले. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीने घेतला. राजांकडे किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा भाग राहिला. दरवर्षी एक लाख स्टार पॅगोडा, म्हणजे मद्रासच्या सोन्याच्या मोहरा, आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उत्पन्न ठरले. लढाई नाही, मोहीम नाही, करवसुली नाही. बाविसाव्या वर्षी एखाद्या भोसल्याला असे बसवून ठेवले तर तो काय करील? शिकारीत आणि मेजवान्यांत आयुष्य घालवले असते तरी त्यांना कोणी विचारले नसते.

सरफोजींनी उरलेल्या पैशांतून आणि वेळेतून एक वेगळेच राज्य उभे केले. १८०५ च्या सुमारास राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू झाला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. धन्वंतरी महालात वैद्यकाचे काम चाले. ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्रात मुलांची राहण्याची, जेवणाची आणि शिकण्याची सोय होती. सरस्वती महाल ग्रंथालय नायक राजांच्या काळापासून होते, पण त्याला आजचे रूप सरफोजींनी दिले. १८२० ते १८२२ या काळात ते काशीयात्रेला गेले, तेव्हाही वाटेत पोथ्या जमवीत गेले. आज तिथे ४०,००० हून अधिक हस्तलिखिते आहेत.

आता संगीताकडे येतो. राजवाड्यातला संगीत महाल मी पाहिला. तो नायकांच्या काळातला आहे. व्यासपीठावरचा आवाज मागच्या कोपऱ्यापर्यंत नीट पोहोचावा अशी त्याची रचना आहे. सरफोजींच्या दरबारात गवई, वादक, नर्तकी आणि नट्टुवनार म्हणजे नृत्य शिकवणारे गुरू यांना पगार होते. दरबाराचे हिशेब मोडी लिपीत ठेवले जात. त्यांची असंख्य गाठोडी आजही जपलेली आहेत आणि त्यांत कलावंतांना दिलेल्या रकमांच्या नोंदी सापडतात. राजांनी पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही ठेवला होता आणि युरोपी पद्धतीने लिहिलेली स्वरलिपीची पुस्तके जमवली होती. दरबारातले वराहप्पय्यर हे कर्नाटक संगीतात व्हायोलिन वाजवणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी मानले जातात. आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक संगीताची मैफल सहसा होत नाही. पण तेव्हा ते परक्यांचे वाद्य होते आणि त्याला जागा देणारे कोणीतरी असावे लागले.

बँडवाल्यांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट सांगतो. थोर रचनाकार मुथुस्वामी दीक्षितर याच काळातले. त्यांनी मद्रासच्या किल्ल्यात इंग्रजी पलटणीचे बँड ऐकले आणि त्या चालींवर संस्कृत शब्द बसवून सुमारे चाळीस छोट्या रचना केल्या. त्यांतली एक तर इंग्रजांच्या राष्ट्रगीताच्या चालीवर आहे! दीक्षितरांकडे शिकलेले चार भाऊ, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, तंजावर दरबारात होते. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम असतो, तो या चौघांनी बांधला. सरफोजी राजांनी स्वतःही नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. अठरा भागांची एक मालिका, तिच्यात एकच कथा, एकच राग आणि एकच ताल, अशी त्यांची बांधणी आहे. देवेंद्र कुरवंजी या त्यांच्या मराठी नाटकात तर चक्क जगाचा भूगोल गाऊन सांगितला आहे. आमच्या भूगोलाच्या सरांनी ही पद्धत सुरू केली तर आमची हरकत नाही.

इथे कोणी म्हणेल की गाण्याबजावण्यात रमलेला राजा मऊ असणार. मलाही तसेच वाटले होते. पण १८२६ साली बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा त्यांनी राजांविषयी जे लिहून ठेवले ते वेगळे आहे. युरोपातल्या शास्त्रज्ञांचे ग्रंथ राजांना चांगले माहीत होते, शेक्सपिअरबद्दल त्यांचे स्वतःचे मत होते, घोड्यांची त्यांना उत्तम पारख होती आणि वाघासमोर ते शांतपणे अचूक गोळी झाडीत. म्हणजे घोडा, बंदूक, पुस्तक आणि वाद्य एकाच माणसाच्या हातात होते. एकासाठी दुसरे सोडावे लागते असे त्यांना वाटले नाही. सैन्य तर तहाने गेले होते, संगीतामुळे नाही.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी राजे वारले. त्यांच्यामागे शिवाजी राजे दुसरे गादीवर आले. १८५५ साली तेही मुलगा नसताना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. दरबार गेला, पगार बंद झाले, कलावंत पोटासाठी मद्रासला आणि इतरत्र निघून गेले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली व्यवस्था फार थोड्या काळात मोडली, कारण ती सगळी एका घराण्याच्या आवडीवर उभी होती.

हे वाचताना मला आमच्या बदली झालेल्या सरांची आठवण झाली. मग मी उलटा विचार केला. दरबार गेल्यावरही काय टिकले? जे लिहून ठेवले होते ते टिकले, म्हणून पोथ्या आणि स्वरलिपी आज पाहता येतात. जे क्रमाने शिकवले होते ते टिकले, म्हणून त्या चार भावांचा नृत्यक्रम आजही मुली शिकतात. १९१८ मध्ये सरस्वती महाल ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. कोणा एकाची आवड आहे म्हणून चालते ते त्या माणसाबरोबर जाते. नियमात, नोंदीत आणि अभ्यासक्रमात बसलेले त्याच्यानंतरही राहते.

सुट्टीहून परतल्यावर आम्ही बँडच्या मुलांनी तक्रार करायची नाही असे ठरवले. आधी तंजावरच्या कारकुनांसारखी नोंदवही केली. प्रत्येक वाद्य काढून पाहिले. सहा क्लॅरिनेटपैकी दोनांचे पॅड गेलेले, एका साइड ड्रमचे कातडे फाटलेले, दोन बिगुलांना पोचे. गेल्या सत्रात किती सराव ठरले आणि किती झाले, तेही तारखांसह लिहिले. तो आकडा पाहून आम्हीच गप्प झालो, कारण काही सराव फुटबॉलमुळे नाही तर आमच्याच आळसामुळे बुडाले होते. तेही वहीत तसेच ठेवले. हिशेब खरा असला पाहिजे.

त्या वहीसह आम्ही अर्ज दिला आहे. मागण्या तीनच आहेत. आठवड्यातले दोन तास बँडसाठी दैनंदिन आदेशात छापले जावेत आणि स्पर्धांच्या काळातही ते हलू नयेत. दर सत्राला वाद्यांच्या दुरुस्तीसाठी ठरावीक रक्कम असावी. आणि हाउस चॅम्पियनशिपमध्ये संगीताला गुण असावेत. ते फुटबॉलइतकेच असावेत असे नाही, पण हाउस कॅप्टनने चांगल्या वादकाला सरावाला सोडताना दोनदा विचार करू नये इतके तरी असावेत. फुटबॉलचे मैदान आम्हाला नको आहे. तिथे मला स्वतःलाच खेळायचे आहे.

अर्ज सध्या विचाराधीन आहे. काय उत्तर येईल ते माहीत नाही. दरम्यान, बँडमधल्या थोरल्या कॅडेटने आम्ही वाजवतो त्या सर्व धुना एका जाड वहीत स्वरलिपीत उतरवायला घेतल्या आहेत. मी क्लॅरिनेटचा भाग लिहितो. पुढच्या वर्षी तो पास आउट होईल आणि त्यानंतर मीही जाईन. वही मात्र स्टोअरमध्ये वाद्यांशेजारी राहील.