विश्लेषण : देणगीच्या पैशातून कायदा बदलता येतो का? गोपाळ कृष्ण गोखले यांनी काय केले होते?

एकलहरे (नाशिक) : एकलहरे औष्णिक वीज केंद्रातील दोन जुने संच बंद झाले. त्यांच्या जागी ६६० मेगावॉटचा नवा संच व्हावा, ही परिसराची अनेक वर्षांची मागणी आहे. रोजगाराचा आणि राखेचा प्रश्नही आहेच. असे विषय मोर्चामुळे चर्चेत येतात. मंत्रालयात मात्र आकडेवारी, अभ्यास आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारी माणसे लागतात. त्या माणसांचा खर्च कोणी करायचा? धर्मादाय संस्था शाळा आणि दवाखान्यांना सढळ हाताने पैसे देतात, पण धोरण बदलण्याच्या कामाला पैसे देताना बिचकतात.

शंभर वर्षांपूर्वी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. नाशिकमध्ये कॉलेज रोडवरील गोखले एज्युकेशन सोसायटीमुळे त्यांचे नाव घराघरात माहीत आहे. त्यांचे हे काम मात्र फारसे सांगितले जात नाही.

गोखले कोण होते?

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. १५ रुपयांच्या पगारातले ८ रुपये ते धाकट्या भावाला शिक्षणासाठी पाठवत. १८८४ मध्ये गोखले मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधून बी. ए. झाले. नंतर पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून महिना ७५ रुपयांवर शिकवू लागले. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना सरकारी अहवाल आणि आकडे वाचायला शिकवले.

१८९७ ची माफी का महत्त्वाची?

१८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले लंडनला गेले. भारताच्या खर्चाची त्यांनी केलेली मांडणी गाजली. त्याच काळात पुण्यात प्लेगची मोहीम सुरू होती. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी गोऱ्या सैनिकांवर गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा देता आला नाही आणि त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. देशभर टीका झाली. पडताळणी नसेल तर खरी तक्रारही कशी फसते, याचा हा कटू अनुभव होता.

कायदेमंडळात काय घडले?

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकार शिल्लक दाखवत होते. ही शिल्लक गरिबांवरील जादा करातून आली आहे, हे गोखले यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. मिठावरील कर कमी करा, ही मागणी त्यांनी लावून धरली. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला.

पैसा कोठून आला?

एकट्या माणसाने हे काम किती दिवस रेटायचे? १२ जून १९०५ रोजी गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. येथे सदस्यांना पाच वर्षे अभ्यास आणि प्रवास करावा लागे. त्यांना उदरनिर्वाहापुरते मानधन मिळे. जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र रतन टाटा (१८७१-१९१८) यांनी या संस्थेला वर्षाला १० हजार रुपये याप्रमाणे सुमारे दहा वर्षे मदत केली.

दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा सत्याग्रह पैशाअभावी अडचणीत असताना १९०९ मध्ये याच रतन टाटांनी २५ हजार रुपये दिले. पुढे ही मदत एकूण सव्वा लाखांवर गेली. गांधीजींनी टाटांना खर्चाचा तपशील पत्राने कळवला होता.

तिकडे सत्याग्रह सुरू असताना इकडे फेब्रुवारी १९१० मध्ये गोखले यांनी नाताळसाठी होणारी गिरमिटिया मजुरांची भरती बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून ही भरती थांबली.

अपयश आले का?

आले, तेही मोठे. मार्च १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वयाच्या मुलांसाठी ते होते आणि अंमलबजावणीचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळणार होता. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. गिरमिट पद्धत पूर्ण बंद करण्याचा ठरावही त्याच महिन्यात पडला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी ४८ व्या वर्षी गोखले यांचे निधन झाले. गिरमिटिया भरती १९१७ मध्ये थांबली. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून मुंबई प्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. देशभरातील मुलांना शिक्षणाचा हक्क कायद्याने प्रत्यक्ष मिळाला तो १ एप्रिल २०१० रोजी.

आजच्या देणगीदारांसाठी यात काय आहे?

• मुदत : धोरण वर्षभरात बदलत नाही. दरवर्षी ठरलेली रक्कम येणार असेल तरच संस्था माणसे नेमू शकते.
• माणसे आणि अभ्यास : फक्त कार्यक्रमाला पैसे देऊन भागत नाही. माहिती गोळा करणे, ती तपासणे आणि मांडणे याचा खर्चही धरावा लागतो. १८९७ ची चूक टाळण्याचा हाच मार्ग.
• दोन्ही आघाड्या : लोकांचे आंदोलन आणि सभागृहातील काम एकमेकांना बळ देतात.
• हिशेब : पैसा कुठे गेला हे विचारावे. पण कायदा कधी होणार, याची तारीख मागू नये. १९१२ मध्ये हिशेब केला असता, तर शिक्षणाचे काम वाया गेले असेच वाटले असते.

आज कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक निकषांत बसणाऱ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. राजकीय पक्षाला दिलेली देणगी त्यात धरली जात नाही. पक्षाला मदत करणे आणि लोकांच्या प्रश्नाचा अभ्यास सरकारपुढे मांडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकलहरेसारख्या गावाला रुग्णवाहिका देणारे मिळतात. गावाच्या प्रश्नावर दहा वर्षे अभ्यास करणाऱ्या माणसाचा पगार देणारा मात्र अजून दुर्मीळ आहे.