चौथीपर्यंत शिकलेल्या कमलाबाई ओगले यांनी अख्ख्या महाराष्ट्राला वाटी-चमच्याचं माप दिलं

थंडी पडली की नागपुरात डबा पार्टीचे बेत सुरू होतात. फुटाळा, अंबाझरी, नाहीतर थेट रामटेकजवळची खिंडसी. कुणाकडे रोडगे, कुणाकडे वांग्याची भाजी, कुणाकडे मसालेभात अशी वाटणी होते आणि एकीच्या वाट्याला येते दह्यातली कोशिंबीर.

ऐकायला सगळ्यात सोपं काम. पण रोज चौघांसाठी कोशिंबीर करणारा हात पंचवीस जणांसाठी करायला गेला की अडखळतो. दही किती, कूट किती, मीठ किती? आईला फोन लावला तर उत्तर मिळतं, घाल अंदाजानं.

या अंदाजाला माप देण्याचं काम मराठीत ज्यांनी सगळ्यात जास्त घरांपर्यंत पोहोचवलं, त्या म्हणजे ‘रुचिरा’कार कमलाबाई ओगले.

कुंडलची मुलगी

कमलाबाईंचा जन्म 1913 सालचा, सांगली जिल्ह्यातल्या कुंडल गावचा. शिक्षण झालं चौथीपर्यंत. त्या काळात मुलीला लिहिता-वाचता आलं म्हणजे पुरे, असाच हिशोब होता.

लग्न होऊन त्या ओगल्यांच्या घरी आल्या तेव्हा त्यांना स्वयंपाक फारसा येत नव्हता. पुढे लाखो बायकांना स्वयंपाक शिकवणारी ही बाई स्वतः तो शिकली सासूबाईंच्या हाताखाली. आपल्या हातच्या चवीचं श्रेय त्यांनी कायम सासूबाईंनाच दिलं.

ही गोष्ट महत्त्वाची आहे. जिला आधीपासून सगळं येतं, तिला नवख्या माणसाचं नेमकं कुठे अडतं ते दिसत नाही. कमलाबाई स्वतः अडखळत शिकल्या होत्या. पुढे सांगलीत त्यांनी स्वयंपाकाचे वर्ग घेतले. समोर बसलेल्या मुलींना ‘अंदाजानं’ हा शब्द पुरणार नव्हता. सासूच्या हाताकडे बघून जे कळलं होतं, ते आता शब्दांत आणि मापात सांगायचं होतं.

शेर, तोळे की ग्रॅम?

मराठीत पाककृतींची पुस्तकं नव्हती असं नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 साली आलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र’ आलं, त्यात हजार पाकक्रिया होत्या.

मग अडचण काय होती? अडचण मापांची होती. आधीच्या पिढीचा हिशोब शेर, छटाक, तोळ्यांचा. 1956 च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली आणि साठच्या दशकात बाजारात किलो-ग्रॅम रुळले. आईला ग्रॅम कळत नव्हते, मुलीला तोळे कळत नव्हते आणि वजनकाटा तर दोघींच्याही ओट्यावर नव्हता.

वाटी आणि चमचा मात्र प्रत्येक घरात होता. कमलाबाईंनी तोच धरला. वाटीचा फायदा असा की ती थोडी लहान-मोठी असली तरी बिघडत नाही. सगळ्या गोष्टी त्याच वाटीनं मोजल्या की प्रमाण तेच राहतं. चौघांचं पंचवीस जणांसाठी करायचं तर नुसता गुणाकार करायचा.

1970 साल आणि ‘रुचिरा’

इथे एक गमतीशीर योगायोग आहे. कमलाबाईंच्या जन्माच्या तीनच वर्षं आधी, 1910 साली, कुंडलच्या शेजारी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. ‘किर्लोस्कर’ मासिक तिथूनच निघालं आणि 1930 साली ‘स्त्री’ मासिकही. याच किर्लोस्करांच्या प्रकाशनानं 1970 साली कमलाबाईंचं ‘रुचिरा’ छापलं. तेव्हा कमलाबाई सत्तावन्न वर्षांच्या होत्या.

पुस्तकाच्या दीड लाखाहून जास्त प्रती खपल्या. वेळही बरोबर साधली गेली होती. नोकरी आणि बदल्यांमुळे कुटुंबं विखुरत होती. सांगलीची मुलगी नागपुरात, नागपूरची मुंबईत आणि मुंबईची थेट परदेशात संसार थाटत होती. शेजारी सासू नव्हती, आईशी बोलायला ट्रंक कॉल लावावा लागे. मग लग्नात ‘रुचिरा’ आहेर म्हणून दिलं जाऊ लागलं आणि परदेशी निघालेल्या मुलीच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी ते जाऊन बसलं.

वाटीचं माप कोशिंबिरीत वापरून बघा

कमलाबाईंची ही पद्धत किती कामाची आहे ते बघायचं तर डबा पार्टीची कोशिंबीरच घ्या. चार-पाच जणांसाठी साधं प्रमाण असं: दोन वाट्या भाजी, एक वाटी घट्ट दही, पाव वाटी दाण्याचं कूट, चमचाभर साखर, अर्धा चमचा मीठ. भाजीत काकडी, किसलेलं गाजर, उकडलेला बटाटा, वाफवलेले मटार यातलं काहीही चालेल. वरून जिरं, हिंग, हिरव्या मिरचीची फोडणी आणि कोथिंबीर.

पंचवीस जणांसाठी सगळं पाचपट. म्हणजे दहा वाट्या भाजी आणि पाच वाट्या दही. साधारण किलोभर दही तासभर फडक्यात टांगून ठेवलं की तेवढं घट्ट दही मिळतं. आणखी मऊसूत हवं असेल तर त्यात दोन चमचे साय फेटून घाला.

आता कोशिंबिरीला पाणी का सुटतं ते बघू. मीठ लागलं की काकडी आपल्या पोटातलं पाणी बाहेर सोडते. म्हणून घरून निघताना मीठ घालायचंच नाही. चिरलेली भाजी एका डब्यात, फेटलेलं दही दुसऱ्यात, कूट आणि मीठ वेगळ्या पुड्यांत न्यायचं. पानं मांडली की मग कालवायचं. कांदा-टोमॅटोही तिथेच चिरा.

बटाटा आणि मटार पूर्ण गार झाल्याशिवाय दह्यात घालू नका. फोडणीही कोमट होऊ द्या, गरम फोडणीनं दही फुटतं.

आणि दह्याचा डबा बर्फात ठेवूनच न्या. कालवलेली कोशिंबीर बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. पारा बत्तिशीच्या वर असेल तर एका तासात संपवावी. नागपूरचा मे महिना पंचेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा हा बेत थंडीतलाच बरा.

मागे काय राहिलं?

1999 साली, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी कमलाबाई गेल्या. ‘रुचिरा’ मात्र आजही छापलं जातं आणि विकत घेतलं जातं. जुन्या घरांमधल्या प्रती बघा. तेलाचे डाग पडलेले, कोपरे दुमडलेले, समासात कुणीतरी पेन्सिलनं आपल्या घरचं प्रमाण लिहिलेलं.

आज मोबाइलवर पाककृतींचे हजारो व्हिडिओ आहेत. त्यातलेही बरेचसे अर्धी वाटी हे घ्या, एक चमचा ते घ्या, असंच सांगतात. चौथीपर्यंत शिकलेल्या एका बाईनं हे माप घराघरांत रुजवलं, हे ते बघणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल?