भीतीवर मात करणारे बाबा

विद्यार्थी मित्रांनो आणि पालकहो, आनंदवनाचे बाबा आमटे आपणा सर्वांना ठाऊक आहेत. परंतु हेच बाबा एकदा महारोग्याला पाहून पळाले होते, हे तुम्हाला माहीत आहे काय?

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका श्रीमंत जमीनदार घराण्यात झाला. आईवडिलांनी लाडाने ठेवलेले ‘बाबा’ हेच नाव पुढे रूढ झाले. शिकार, मोटार, सिनेमा असे सारे शौक त्यांनी केले. तरीही घरची मनाई मोडून ते नोकरांच्या मुलांत खेळत, त्यांच्याबरोबर जेवत.

पुढे ते वकील झाले आणि वरोडा येथे वकिली करू लागले. १९४२ च्या आंदोलनात पकडलेल्यांची बाजू त्यांनी न्यायालयात मांडली. रेल्वेत स्त्रियांची छेड काढणाऱ्या गोऱ्या शिपायांना ते एकटे भिडले, म्हणून गांधीजींनी त्यांना ‘अभय साधक’ म्हटले. सफाई कामगारांचे दुःख कळावे म्हणून त्यांनी स्वतः मैलाही वाहिला.

अशा निर्भय माणसाला एका पावसाळी रात्री रस्त्याकडेला तुळशीराम दिसला. हातापायांची बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. बाबा घाबरून घरी पळाले. पण मन त्यांना स्वस्थ बसू देईना. हा रोग आपल्याच माणसाला झाला असता तर? ते परतले, तुळशीरामला आडोसा करून दिला, स्वतःच्या हाताने भरवले आणि अखेरपर्यंत त्याची सेवा केली.

१९४६ मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नी साधनाताईंनी या खडतर वाटेवर त्यांना जन्मभर साथ दिली. १९४९ मध्ये बाबांनी कलकत्त्यास जाऊन कुष्ठरोगाचे शास्त्रीय शिक्षण घेतले. १९५१ मध्ये वरोड्याजवळच्या ओसाड, खडकाळ जमिनीवर मोजक्या रोग्यांसह आनंदवन सुरू झाले. तेथे रोग्यांना भीक नव्हे, काम मिळाले. २००८ मध्ये बाबांचे निधन झाले.

पालकहो, आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो आणि हे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तरीही लाजेपोटी लोक अंगावरचा बधिर चट्टा लपवतात, आणि त्यातूनच व्यंग येते. मुलांना भीती नव्हे, माहिती द्या. आणि मित्रांनो, भीती वाटणे हा गुन्हा नाही. पाठ फिरवून परत न येणे हा आहे. इल्मला अमलाची जोड मिळाली तरच शिक्षणाचे सार्थक होते.